जर्मन विद्यापीठातली उपयोजित गणिताची पगारी पीएचडी: जागा घेण्याआधी पैसा कुठून येतो ते विचारा

जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या उपयोजित गणिताच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी पगारी संशोधक होते आणि तिथूनच पीएचडी केली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली मला अशा जागांविषयी विचारत असतात. प्रश्न बहुतेक वेळा विषयाबद्दल असतो, नाहीतर विद्यापीठाच्या नावाबद्दल. मी आधी वेगळीच चौकशी करायला सांगते: या जागेचा पगार कुठल्या पैशातून निघतो? पुढच्या तीन-चार वर्षांचा दिनक्रम, विषय बदलायची मुभा, शिकवण्याचा भार, मुदतवाढीची शक्यता, सगळं त्या एका उत्तराला बांधलेलं असतं. मी दोन प्रकारच्या पैशांवर काम केलं, सुरुवातीला प्रकल्पाच्या आणि शेवटी राज्याच्या, त्यामुळे फरक जवळून पाहिला आहे.

मत आधीच देऊन टाकते. नियमित पगार, विचार करायला मिळणारा वेळ आणि भोवतालची गणिताची संगत, या तिन्ही बाबतींत मी या जागेला पूर्ण गुण देईन. मुदतीचा कारभार मात्र त्रासदायक आहे, आणि तो जाहिरातीत दिसत नाही.

जाहिरात एखाद्या पानाची असते. वर गटाचा विषय: संख्यात्मक विश्लेषण, इष्टतमीकरण, प्रतिमा-प्रक्रिया, गणिती जीवशास्त्र, काहीही. मग अपेक्षा आणि जोडायची कागदपत्रं. मध्येच कुठेतरी एक रुक्ष ओळ असते: टीव्ही-एल, ई १३, ७५ टक्के, तीन वर्षं. टीव्ही-एल हा राज्य सरकारांच्या कर्मचाऱ्यांचा सामूहिक वेतन करार आणि ई १३ ही पदव्युत्तर पदवी लागणाऱ्या कामाची श्रेणी. हेसन राज्याचा करार वेगळा आहे, बाकी सगळीकडे हाच. म्हणजे प्राध्यापकाशी पगाराची घासाघीस करायची नसते. तक्ता ठरलेला आणि सगळ्यांना खुला असतो. टक्केवारीवर मात्र बारीक लक्ष ठेवा. अभियांत्रिकीच्या आणि संगणकशास्त्राच्या जागा बऱ्याचदा १०० टक्क्यांच्या असतात, गणिताच्या ७५ टक्क्यांच्या किंवा दोन-तृतीयांश असणं नेहमीचं आहे. काम सगळेच पूर्ण वेळ करतात. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. कागदावर उरलेला पाव वेळ 'स्वतःच्या प्रबंधासाठी' असतो, पण प्रकल्पाचं काम आणि प्रबंधाचं काम यांच्यात भिंत नसते. एकच समीकरण दोन्हीकडे असतं.

आता पैसा कुठून येतो ते.

पहिला प्रकार राज्याच्या अर्थसंकल्पातल्या जागेचा. इथे तुम्ही इन्स्टिट्यूटचे कर्मचारी असता आणि शिकवणं कामाचा भाग असतं. पूर्ण जागेला आठवड्याला साधारण चार तासिका, तासिका ४५ मिनिटांची. राज्याप्रमाणे यात फरक पडतो आणि जागा अर्धी असेल तर भारही त्या मानाने कमी. विषय तुम्ही आणि मार्गदर्शक मिळून ठरवता. वर्षभराने तो बदलला तरी बाहेरच्या कुणाला जाब द्यावा लागत नाही.

दुसरा प्रकार बाहेरच्या निधीतून आलेल्या जागेचा. डीएफजी, म्हणजे जर्मन संशोधन परिषद, केंद्रीय संशोधन मंत्रालय किंवा युरोपीय आयोग एखाद्या प्रकल्पाला पैसे देतो आणि त्यातून तुमचा पगार निघतो. तुम्ही यायच्या आधी प्रस्ताव लिहून झालेला असतो, परीक्षकांनी वाचलेला असतो, त्यात कामाचे टप्पे आखलेले असतात. शिकवण्याची सक्ती सहसा नसते. वेळ भरपूर, दिशा ठरलेली. मंत्रालयाच्या प्रकल्पात उद्योगातला भागीदार असेल तर टप्प्यांचे अहवालही द्यावे लागतात आणि प्रमेयापेक्षा चालणाऱ्या प्रोग्रॅमची मागणी आधी येते. डीएफजीचा निधी यापेक्षा सैल असतो. प्रस्तावातली एखादी वाट बंद निघाली तर शेजारची वाट धरता येते.

तिसरा प्रकार डीएफजीच्याच ग्राडुइर्टेनकोलेगचा. एका व्यापक विषयाभोवती अनेक पीएचडीचे विद्यार्थी एकत्र घेतले जातात. असा कार्यक्रम जास्तीत जास्त ९ वर्षं चालतो, त्यात विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्या येतात. दोन मार्गदर्शक, प्रवासाचा स्वतंत्र निधी, खास व्याख्यानमाला आणि मुख्य म्हणजे तुमच्याबरोबर सुरुवात केलेली चार-सहा माणसं. परदेशातून एकटं येणाऱ्या विद्यार्थ्याला मी डोळे मिटून हाच प्रकार सुचवते. मला तो मिळाला नव्हता. शेजारच्या मजल्यावरच्या कोलेगच्या मुलांनी पहिल्या सहा महिन्यांत एकमेकांना जितकं शिकवलं, तितकं मला एकटीला पुस्तकांतून गोळा करायला बराच जास्त काळ लागला.

चौथा प्रकार शिष्यवृत्तीचा. पैसे मिळतात, पण नोकरीचा करार नसतो. म्हणून निवृत्तिवेतनाचा हप्ता भरला जात नाही, बेरोजगारी विमा नसतो, आरोग्य विम्याचं बरंचसं आपलं आपण बघायचं. नाव मोठं असलेली शिष्यवृत्ती सोडू नये हे खरं. पण त्याच इन्स्टिट्यूटमध्ये करार आणि शिष्यवृत्ती असे दोन्ही पर्याय समोर आले तर करार घ्या. तो संपल्यावर पुढची नोकरी मिळेपर्यंतचे महिने याच फरकावर तरतात.

गणितात पगार मागणं कमीपणाचं वाटतं अशी माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी जर्मन गणितज्ञ एमी नोएथरची हकिगत सांगते. १९०७ साली एर्लांगेनमधून डॉक्टरेट घेतल्यावर १९०८ ते १९१५ तिने तिथे बिनपगारी काम केलं. मग हिल्बर्ट आणि क्लाइन या तिथल्या नामवंत गणितज्ञांनी तिला ग्यॉटिंगेनला बोलावलं. तिथे तिची व्याख्यानं हिल्बर्टच्या नावावर जाहीर होत. ज्या प्रमेयावर आज भौतिकशास्त्र उभं आहे ते तिने १९१८ साली प्रसिद्ध केलं, पगार नसताना. अध्यापनाचा अधिकार १९१९ साली मिळाला, आणि थोडंफार मानधन सुरू व्हायला १९२३ उजाडलं. १९३३ साली नाझी राजवटीने तिला काढून टाकलं. आज डीएफजीच्या ज्या योजनेतून तरुण संशोधकांना स्वतःचा गट उभारायला सहा वर्षांचा पैसा मिळतो, त्या योजनेला तिचं नाव आहे. माझ्या पहिल्या पगाराच्या पावतीवर निवृत्तिवेतनाचा हप्ता छापलेला पाहिला तेव्हा मला तिचीच आठवण झाली. विचार करणाऱ्या माणसाला महिन्याच्या अखेरीस पैसे मिळणं ही फार कष्टाने आलेली गोष्ट आहे.

उपयोजित गणिताची जर्मन परंपराही याच ग्यॉटिंगेनमधून आली. कार्ल रुंगे १९०४ साली तिथे उपयोजित गणिताचा प्राध्यापक झाला. देशातलं असं ते पहिलं पद मानतात. बीएस्सीला शिकलेली, अवकल समीकरणं आकड्यांनी सोडवायची रुंगे-कुट्टा पद्धत त्याच्या १८९५ च्या आणि कुट्टाच्या १९०१ च्या लेखांतून आली. क्लाइनने उद्योगपतींकडून आणि सरकारकडून निधी जमवून अशी पदं निर्माण करवली. तेव्हा बाहेरचा निधी हा काही आजचा शोध नव्हे.

पगाराकडे येते. फेब्रुवारी २०२५ च्या तक्त्यात ई १३ ची पहिली पायरी पूर्ण जागेला महिना साधारण ४,६०० युरो होती, कपातीच्या आधी. ७५ टक्क्यांना ३,४५० च्या पुढे. एकट्या माणसाच्या हातात त्यातले सव्वादोन हजारांच्या आसपास येत. एक वर्षाने दुसरी पायरी, आणखी दोन वर्षांनी तिसरी. वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा असते, आणि ती घ्यावी असा आग्रह इन्स्टिट्यूटच्या कार्यालयातले सचिव धरतात. नोव्हेंबरात जादा रक्कम मिळते. काटकसर न करता जगता येतं, घरी थोडे पाठवता येतात. म्युनिकसारख्या शहरात घरभाड्यामुळे हे गणित पार बिघडतं, लहान विद्यापीठांच्या गावांत तोच पैसा ऐसपैस पुरतो. इन्स्टिट्यूटचा दर्जा आणि शहराचा मोठेपणा यांचा उपयोजित गणितात फारसा संबंध नाही, त्यामुळे लहान गावांना नाक मुरडू नका.

एक बारीक गोष्ट मला एका सहकाऱ्याने सांगितली, ती तुम्हालाही सांगते. पगारातून व्हीबीएल या पूरक निवृत्तिवेतन संस्थेचा हप्ता कापला जातो. नेहमीच्या योजनेत ६० महिने भरल्याशिवाय त्या निवृत्तिवेतनावर हक्क मिळत नाही. तुमचा करार तीन वर्षांचा असेल आणि त्यानंतर तुम्ही देश सोडणार असाल तर ही अट पुरी होणार नाही. मुदतीच्या करारावरच्या संशोधकांना दुसरी, ऐच्छिक योजना निवडता येते, तिथे ही अट नाही. पण अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावा लागतो. त्या दोन महिन्यांत तुम्ही घर, बँक, विमा, निवासपरवाना यांत गुंतलेले असता आणि माहितीपत्रक जर्मनमध्ये असतं. रुजू व्हाल त्याच आठवड्यात कार्मिक विभागाला विचारा.

निवडीची मुलाखत मला आवडली. आधी एमएस्सीच्या प्रबंधावर अर्ध्या तासाचं व्याख्यान. मग प्रश्न. समोर प्राध्यापक, गटातले दोन संशोधक आणि स्त्री-पुरुष समानतेचं काम बघणारी विद्यापीठाची प्रतिनिधी. समीकरणाला एकच उत्तर असतं याची हमी देणाऱ्या लॅक्स-मिलग्रम प्रमेयात कोअर्सिव्हिटी हे गृहीतक नसेल तर नेमकं काय कोसळतं, असं विचारलं. प्रमेय पाठ आहे का हे त्यांना बघायचं नव्हतं. फळ्याशी उभं राहून साधं उदाहरण शोधता येतं का, हे ते बघत होते. मी दोन बाय दोनची मॅट्रिक्स घेऊन सुरुवात केली, ते खुश झाले. तिथून इन्फ-सुप या त्याहून सैल अटीपर्यंत गप्पा गेल्या. पाठांतरावर भिस्त ठेवून तयारी करणाऱ्यांनी इथे पद्धत बदलावी: प्रत्येक प्रमेयाच्या प्रत्येक गृहीतकाला एक प्रतिउदाहरण हाताशी ठेवा. प्रोग्रॅमिंगबद्दलही विचारतात, भाषा कुठली हे महत्त्वाचं नाही, स्वतः लिहिलेलं काही दाखवता आलं पाहिजे.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का' म्हणतात. तो शिष्टाचार समजून मान हलवू नका. माझे प्रश्न असे होते: प्रकल्पाचा मूळ प्रस्ताव मला वाचायला मिळेल का, करार पहिल्यापासूनच पूर्ण मुदतीचा आहे की तुकड्यातुकड्यांचा, आणि गटातले आधीचे विद्यार्थी पीएचडी संपवून कुठे गेले. तिसऱ्या प्रश्नाला मिळणारं उत्तर मार्गदर्शकाविषयी सगळ्यात जास्त सांगतं. माझ्या मार्गदर्शकांनी दोघांची कहाणी सांगितली, त्यातल्या एकाने पीएचडी मध्येच सोडली होती, आणि ती त्यांनी त्या मुलाला दोष न देता सांगितली. तेव्हाच मी मनातल्या मनात जागा पक्की केली.

काम काय असतं? माझं समीकरण रिचर्ड्सचं, १९३१ सालचं. पूर्ण न भिजलेल्या जमिनीतून पाणी कसं उतरतं ते सांगणारं. डार्सीने १८५६ साली भिजलेल्या वाळूतून जाणाऱ्या पाण्याचा नियम मांडला, रिचर्ड्सच्या समीकरणात हेही धरलेलं असतं की माती कोरडी होत जाते तशी पाणी वाहून नेण्याची तिची क्षमताही घटते. त्यामुळे समीकरण अरेषीय होतं. संगणकावर सोडवताना काळाच्या प्रत्येक पावलाला न्यूटनची पद्धत लावायची, म्हणजे विकलज वापरून अंदाज पुन्हा पुन्हा सुधारायचा, आणि ती बऱ्याचदा उत्तराकडे न जाता भरकटते. कारण मातीच्या गुणधर्मांतच आहे. हे गुणधर्म मांडणाऱ्या व्हॅन गेनुख्टेनच्या १९८० च्या सूत्रात एक घातांक असतो. चिकणमातीसाठी तो १ आणि २ च्या मध्ये येतो, आणि तसा आला की माती भिजण्याच्या नेमक्या सीमेवर वाहकतेचा, म्हणजे पाणी वाहून नेण्याच्या क्षमतेचा, विकलज अनंताकडे जातो. न्यूटनला विकलज लागतो. तो तिथे नाहीच.

यावर एक पर्याय आहे, एल-स्कीम म्हणतात: विकलजाच्या जागी एक पुरेसा मोठा स्थिरांक घ्यायचा. पद्धत सावकाश चालते, पण सुरुवात कुठूनही करा, उत्तराकडे जाते. न्यूटन जवळ पोचल्यावर झपाट्याने संपवतो, लांब असताना भरवसा नाही. मग आधी एल-स्कीम आणि पुढे न्यूटन अशी सांगड घालायची. प्रश्न उरतो की बदल नेमका कधी करायचा, आणि तो क्षण मोजलेल्या आकड्यांवरून ओळखता येईल का. माझ्या प्रबंधाचं मधलं प्रकरण या एका प्रश्नावर उभं आहे.

त्या प्रश्नापाशी मी दीर्घ काळ अडकून होते. हातात काही लागत नव्हतं. मार्गदर्शक दर आठवड्याला भेटत, फळ्यावर काहीतरी लिहीत, 'याचा अंदाज वरून बांधता येईल का बघ' म्हणत आणि घाई करत नसत. त्या काळात महिनाअखेरीला पगार येत राहिला. कुणी लेखांची संख्या मागितली नाही. पगारी जागेचं खरं मोल मला तिथे कळलं: ज्या दिवसांत दाखवायला काहीच नसतं, त्या दिवसांचेही पैसे मिळतात. पुढे उत्तर सापडलं ते त्याच दिवसांत भरलेल्या वह्यांमधून.

गटाच्या सोयींविषयी थोडक्यात. संगणकांचं क्लस्टर, चांगलं ग्रंथालय, १८६८ पासूनच्या गणिताच्या लेखांची सूची असलेलं झेडबीमॅथ, सगळं हाताशी होतं. डील-टू आणि ड्यून ही फायनाइट एलिमेंटची, म्हणजे क्षेत्राचे छोटे तुकडे पाडून समीकरणं सोडवणारी, सॉफ्टवेअर मुक्त आहेत, पहिलं तर हायडेलबर्गलाच सुरू झालं, त्यामुळे अडचण आली की ज्यांनी ते लिहिलं त्यांच्यापर्यंत प्रश्न नेता येतो. आठवड्याला एक ओबरझेमिनार, बाहेरचा पाहुणा तासभर बोलतो. सुरुवातीला पहिल्या दहा मिनिटांनंतर काही समजत नाही. तरी जात राहा. वर्षभरात अर्धा तास समजू लागतो.

शिकवण्याबद्दल मात्र मला जास्त लिहायचं आहे, कारण बरेच जण ते ओझं समजून टाळतात. प्रकल्पाच्या जागेवर असताना मी शिकवलं नाही. राज्याच्या जागेवर आल्यावर संख्यात्मक गणिताचे सरावाचे वर्ग घेऊ लागले. पद्धत अशी: प्राध्यापकांचं व्याख्यान, आणि दर आठवड्याला एक उदाहरणांचा कागद. विद्यार्थी तो सोडवून देतात, तुम्ही तपासता, वर्गात चर्चा होते. ठरावीक गुण मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, म्हणून मुलं मनापासून सोडवतात आणि कापलेल्या प्रत्येक अर्ध्या गुणाचा जाब विचारतात. त्या जाबामुळे माझं स्वतःचं गणित नेटकं झालं.

कागद तयार करण्याचं कामही आपल्याकडे येतं. माझं आवडतं उदाहरण कूरांट, फ्रिडरिक्स आणि लेवी यांच्या १९२८ च्या अटीवरचं. संगणक यायच्या कितीतरी आधी त्या तिघांनी सिद्ध केलं होतं की काळाचं पाऊल जाळीच्या (गणनेसाठी जागेत घेतलेल्या बिंदूंच्या) अंतराच्या मानाने फार मोठं घेतलं तर गणना कोसळते. मी मुलांना लाट एका वेगाने सरकवणारं साधं वहनाचं समीकरण आणि ते सोडवायची अपविंड पद्धत देत असे, आणि अट जराशीच मोडायला सांगत असे: एका पावलात लाट जितकी सरकते त्याचं जाळीच्या अंतराशी गुणोत्तर १ च्या जागी १.१. लाट गुळगुळीत घ्यायची. १५० पावलांपर्यंत आलेख अगदी शहाण्यासारखा वागतो. मुलं म्हणतात, 'चालतंय की!' मग २०० पावलांच्या आसपास आलेखावर करवतीसारखे दात उगवतात आणि थोड्याच वेळात सगळं पडद्याबाहेर जातं. कारण हाताने काढता येतं: सगळ्यात दाट लहर प्रत्येक पावलाला १.२ पटीने वाढते, आणि संगणकाने सोळाव्या दशांश स्थळापाशी सोडलेली बारीकशी चूक २०० पावलांत १ च्या घरात पोचते. हे गणित फळ्यावर मांडल्यावर आणि समोरचा आलेख त्याच पावलाला फुटल्यावर वर्गात जी शांतता होते ती मला फार प्रिय आहे. त्या वर्षात प्रबंधाचं लिखाण थोडं मंदावलं. पण स्पष्टीकरणाची सवय लागली आणि प्रबंधाची प्रस्तावना मी विद्यार्थ्यांना सांगावं तशीच लिहिली. म्हणून प्रकल्पाची जागा मिळालेल्यांनाही मी सांगते, एक सत्र तरी सरावाचा वर्ग मागून घ्या.

भाषेचं काय, असं विचारतात. गटात इंग्रजी चालते, लेख इंग्रजीतच. पदवीचे वर्ग बहुतेक ठिकाणी जर्मनमध्ये, आणि कार्यालयाचा सगळा पत्रव्यवहार जर्मनमध्ये. जर्मन येत नाही म्हणून शिकवण्याची जागा नाकारली गेल्याचीही उदाहरणं आहेत. आल्या आल्या भाषावर्ग लावा.

प्रवास हा या जागेचा मोठा लाभ. गाम ही उपयोजित गणित आणि यांत्रिकीची संघटना प्रांटल आणि फॉन मिझेस यांनी १९२२ साली स्थापन केली; तिच्या वार्षिक अधिवेशनात पीएचडीच्या विद्यार्थ्यांना वीस मिनिटांचं व्याख्यान द्यायला मिळतं. ओबरवोल्फाखची संधी मिळाली तर काहीही करून जा. ब्लॅक फॉरेस्टमधली ही गणिताची संस्था १९४४ पासून आहे. कार्यशाळेला पन्नासच्या आसपास माणसं असतात, तरुणांसाठीची शिबिरं याहून लहान. जेवणाच्या टेबलांवर प्रत्येकाच्या नावाचे रुमाल दर जेवणाला नव्या जागी मांडलेले असतात, म्हणून दुपारी ज्याचं पुस्तक वाचून तुम्ही विषय शिकलात तो माणूस शेजारी असतो. बुजून गप्प बसायला तिथे वावच नाही.

आता त्रासाचं. कायदा २००७ चा आहे, विसनशाफ्ट्स-त्साइट-फरत्राग्स-गेझेत्स, म्हणजे संशोधन क्षेत्रातल्या मुदतीच्या करारांचा कायदा. त्यानुसार विद्यापीठ तुम्हाला डॉक्टरेटआधी जास्तीत जास्त सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं मुदतीच्या करारावर ठेवू शकतं. अपत्य असेल तर मुदत वाढू शकते. २०१६ च्या दुरुस्तीने म्हटलं की कराराची मुदत पात्रता मिळवायला लागणाऱ्या काळाशी सुसंगत हवी. तरीही आधी एक वर्ष, मग दोन, मग काही महिने असे तुकडे पाडले जातात. माझं तसंच झालं. मुदतवाढीचा निर्णय गटात कधीच झालेला असे, पण कागद मुख्य कार्यालयातून निघायला उशीर लागे, आणि परदेशी माणसाचा निवासपरवाना त्या कागदावर अवलंबून असतो. परवाना संपायला आठवडे उरलेले आणि हातात नवा करार नाही, अशा स्थितीत प्रमेय सुचत नाही. आमच्या सचिव बाईंनी फोन करून, पत्रं लिहून ते सोडवलं. इन्स्टिट्यूटमध्ये गेलात की सगळ्यांत आधी सचिवांशी ओळख करून घ्या. प्रशासन कसं चालतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि नवा करार मागायचा तर आधीचा संपायच्या सहा महिने आधी, लेखी.

परवान्याबद्दल एवढंच: संशोधकांसाठी निवास कायद्याच्या कलम १८ डी खाली वेगळा परवाना असतो, विद्यापीठ त्यासाठी स्वतंत्र करारपत्र देतं, आणि जोडीदारालाही नोकरी करता येते. विद्यार्थ्याच्या परवान्यापेक्षा हा बराच सोयीचा, त्यामुळे नोकरीचा करार असेल तर हाच मागा.

मग घ्यावी का ही जागा? ज्याला उत्तर सापडेपर्यंत एका समीकरणाशी बसवतं, प्रोग्रॅम आणि सिद्धता दोन्ही लिहायला आवडतं, त्याने जरूर घ्यावी. प्रकल्पाची जागा असेल तर प्रस्ताव आधी वाचा. त्यातल्या निदान एका टप्प्यावर तुम्हाला आपणहून काम करावंसं वाटलं पाहिजे. ज्याला पुढे उद्योगातच जायचं आहे आणि लवकर जायचं आहे, त्याने मंत्रालयाच्या निधीतल्या, भागीदार कंपनी असलेल्या जागा बघाव्यात. ज्याला विषय अजून ठरवता येत नाही त्याला राज्याची जागा किंवा कोलेग बरं. आणि ५० टक्क्यांची जागा कुणी देऊ करत असेल तर उरलेल्या टक्क्यांची सोय कुठून होणार हे लेखी विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

शेवटच्या टप्प्याचा हिशोबही आधीच करून ठेवा. प्रबंध सादर केल्यावर परीक्षकांचे अहवाल यायला काही महिने जातात, मग तोंडी परीक्षा, मग छापील किंवा डिजिटल प्रती ग्रंथालयात जमा करणं. त्यानंतरच पदवी नावापुढे लावता येते. तीन वर्षांचा करार बहुतेकांचा याच महिन्यांत संपतो. करार संपायच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नोंदणी करायची असते, आणि आधीच्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरलेले असले की बेरोजगारी भत्त्याचा हक्क मिळतो, मूल नसलेल्याला निव्वळ पगाराच्या ६० टक्के. माझी तोंडी परीक्षा करार संपल्यानंतर झाली, आणि त्या दिवसांचं घरभाडं या भत्त्यातून गेलं.